मड फ्लॅपची बारा भोकं

अण्णा भाटकरांनी गाडी वर्कशॉपच्या दारातच उभी केली, चावी तशीच ठेवून खाली उतरले आणि माझा दंड धरून मला मागच्या उजव्या चाकाशी घेऊन गेले.

"सुर्वे, हे काय आहे ते सांगा."

मी वाकलो. गडद निळी गाडी, सकाळीच धुतलेली. चाकाच्या वर पत्र्याची जी कमान असते, तिला आम्ही व्हील आर्च म्हणतो. तिच्या खालच्या कडेला रंग भाजलेल्या पापडासारखा फुगला होता. मी नखाने एक फोड दाबला. तो फुटला आणि तांबडा भुगा माझ्या बुटावर पडला.

"दोन वर्षं झाली गाडीला," अण्णा म्हणाले. "फक्त दोन वर्षं. मी आठवड्यातून दोनदा धुतो. गोड्या पाण्याने. बायको हसते मला."

दसरा होऊन गेला होता, पाऊस नुकताच थांबला होता. साल दोन हजार तीन. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका कार डीलरकडे वर्कशॉप सुपरवायझर होतो. अण्णा म्हणजे श्रीधर भाटकर, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मांडवीला घर, पावसच्या बाजूला आंब्याच्या चाळीसेक कलमांची बाग. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले आणि आयुष्यातली पहिली गाडी आमच्याकडून घेतली.

गंज कशामुळे आला ते मला वाकल्याबरोबर कळलं होतं. फोडांच्या बरोबर मधोमध एक स्क्रू होता. त्या स्क्रूसाठी भोक मी पाडलं होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. मड फ्लॅप म्हणजे चाकामागे लोंबणारं रबराचं फडकं. गाडी धावताना चाक खडी आणि चिखल मागे फेकतं. तो मारा दाराखालच्या पत्र्यावर आणि बंपरवर बसतो, रंगाचे टवके उडतात. आमच्याकडचे बागांचे रस्ते जांभ्या दगडाच्या खडीचे, त्यामुळे इथे मड फ्लॅप ही चैन नव्हे, गरज. कंपनीचा स्वतःचा मड फ्लॅप येतो तो साच्यातला असतो. गाडीला कारखान्यातच ठेवलेल्या भोकांत तो क्लिपने बसतो, पत्र्याला हात लावावा लागत नाही.

अण्णांनी गाडी घेतली त्या दसऱ्याला कंपनीचा तो माल आलाच नव्हता. अकरा गाड्या दसऱ्याच्या सकाळी द्यायच्या होत्या आणि प्रत्येकीबरोबर मड फ्लॅप फुकट द्यायचं जाहिरातीत छापलं होतं. आमच्या मालकांनी, त्यांना सगळे साहेबच म्हणत, कोल्हापूरहून साधे सपाट फ्लॅप मागवले. कुठल्याही गाडीला चालणारे. चालणारे म्हणजे काय, तर पत्र्याला भोक पाडून स्क्रूने आवळायचे. एका चाकाला तीन भोकं, गाडीला बारा.

भोक पाडायलाही हरकत नाही. पण ड्रिल मारलं की रंग जातो, रंगाखालचा प्रायमर जातो, पत्र्यावरचा गंजरोधक थर जातो. भोकाची कड उघडी पडते. तिला कानशीने साफ करून प्रायमर लावायचा, तो वाळू द्यायचा, मग सीलंट भरायचं आणि स्टेनलेसचा स्क्रू वापरायचा. पुण्यात एखाद्याने हे केलं नाही तर गाडी सहा वर्षं काढील. मांडवीला नाही काढणार. तिथे समुद्राच्या वाऱ्याने खिडकीचे गज वर्षाला रंगवावे लागतात.

मी साहेबांकडे गेलो होतो. "साहेब, प्रायमर वाळायला वेळ लागतो. मुहूर्ताच्या आत अकरा गाड्या होणार नाहीत. फ्लॅप नंतर बसवून देऊ."

"जाहिरातीत 'नंतर' छापलंय का?" साहेब म्हणाले. "आज भोकं पाडा, बसवा. प्रायमर पहिल्या सर्व्हिसिंगला लावा. गाडी काय आठवड्यात गंजत नाही."

तेही खरंच होतं. आठवड्यात नाही गंजत.

आमचा जुना मेकॅनिक दत्ता म्हणाला, "साहेब, भोकाला काय लावायचं नाय?" मी म्हटलं, "सर्व्हिसिंगला लावू." त्याने माझ्याकडे बघितलं आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. म्हणून त्या दिवशी निळ्या गाडीची भोकं मी पाडली.

अण्णा आदल्या संध्याकाळीच गाडी बघायला आले होते. दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. ड्रिलचा कीस खाली पडत होता तो बघत राहिले. मग विचारलं, "सुर्वे, नव्या पत्र्याला भोक पाडताय. गंज नाही ना धरणार?"

गेल्या पंचवीस वर्षांत मला गिऱ्हाइकाने विचारलेला हा सर्वांत अचूक प्रश्न.

"नाही हो अण्णा," मी म्हटलं. "उलट रंग वाचेल."

पहिल्या सर्व्हिसिंगला ती गाडी आली तेव्हा मी रजेवर होतो. दुसऱ्या वेळी मी होतो. पण फ्लॅप काढून प्रायमर लावायला घेतला असता तर अण्णांनी नक्की विचारलं असतं, की हे आता का? मी पुढच्या वेळेवर टाकलं. मग पाऊस आला. मग दुसरा पाऊस आला.

तर आता अण्णांसमोर मी तो फ्लॅप काढला. स्क्रू फिरेना, त्याचं डोकंच तुटून हातात आलं. फ्लॅप आणि पत्रा यांच्यामध्ये तांबड्या मातीचा थर बसला होता, दाबून भरल्यासारखा, आणि अजून ओला होता. अण्णा बाहेरून आठवड्यातून दोनदा धूत होते तो रंग चकचकीत होता. आत पत्रा वर्षभर चिखलात होता. मी माती खरवडली तर भोकाच्या जागी करंगळी आत गेली.

"कंपनीची गंजाची वॉरंटी आहे ना?" अण्णांनी विचारलं. "कागद आहेत माझ्याकडे."

"आहे. मी रिपोर्ट करून पाठवतो."

आमच्याकडे तशी ही पहिली गाडी नव्हती. त्या अकरांपैकी एका डॉक्टरांची आणि एका कॉन्ट्रॅक्टरची गाडी त्याच महिन्यात येऊन गेली होती. दोघांनी फारसं विचारलं नव्हतं. अण्णांनी विचारलं. शिवाय लेखी अर्ज दिला, पोच घेतली. हेडक्लार्क माणूस.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रिपोर्टचा फॉर्म टेबलावर ठेवला. त्यात गाडीचा नंबर, किलोमीटर, दोष, असं सगळं भरलं होतं. 'दोषाचे कारण' एवढी ओळ कोरी होती.

"काय लिहिणार आहात?" साहेबांनी विचारलं.

"जे आहे ते. फिटमेंटच्या वेळी भोकाला प्रायमर लागला नाही."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावून घेतलं. "सुर्वे, असं लिहिलंत तर प्रश्न ह्या एका गाडीचा राहत नाही. त्या सालच्या आणि पुढच्या सगळ्या गाड्या दारात येतील. कंपनी म्हणेल, डीलरने बाहेरचा माल लावला. डीलरशिप काढून घेतील. इथली पस्तीस माणसं घरी बसतील. आणि ड्रिल कोणी मारलं, असं विचारलं तर?"

"मी मारलं."

"मग?"

"मग काय लिहू?"

"रत्नागिरी आहे," साहेब म्हणाले. "समोर समुद्र आहे. काय लिहायचं ते मी सांगायचं?"

मी मुंबईतला कारखाना बंद पडल्यावर गावी परत आलो होतो. पुन्हा घरी बसण्याची मला भीती होती. हे कारण म्हणून सांगतोय, माफी म्हणून नाही. मी त्या ओळीत लिहिलं : 'वाहन समुद्रकिनारी वाळूत व खाऱ्या पाण्यात चालवल्याने.' खाली सही केली. शिक्का मारला. कंपनीने आठ दिवसांत वॉरंटी नाकारली. वापरातली चूक वॉरंटीत बसत नाही.

अण्णांना मी माझ्या रिपोर्टचा कागद दिला. त्यांनी तो उभ्याने वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"माझी गाडी समुद्रावर कधी गेलेलीच नाही. आमच्या घरापासून किनारा चालत पाच मिनिटांवर आहे, गाडी कशाला नेऊ?"



मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मे महिन्यात उमेश घेऊन गेला होता. मुरुडला. सासुरवाडी त्याची. चार दिवस होती गाडी तिकडे."

उमेश म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. मुंबईला नोकरीला. तो आला की लांबच्या प्रवासाला गाडी तोच चालवायचा, अण्णा मांडवी ते बाग एवढंच चालवीत. दापोलीजवळचं ते मुरुड म्हणजे लांबच लांब सपाट किनारा. पोरं तिथे वाळूवर गाड्या पळवतात, हे सगळ्यांना ठाऊक.

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी 'नाही' म्हणावं असं त्यांना वाटत होतं. तेवढंच हवं होतं त्यांना.

"मग तिथेच झालं असेल," मी म्हणालो.

अण्णांनी कागदाची व्यवस्थित घडी केली आणि खिशात ठेवला. गाडी आमच्याच बॉडी शॉपमध्ये दुरुस्त झाली. गंजका पत्रा कापला, नवा जोडला, रंग मारला. ह्या वेळी दत्ताने भोकांना प्रायमर लावला, दोन हात. मी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सात-आठ महिने अण्णा दिसले नाहीत. आंब्याचा हंगाम संपता संपता एकदा आले. गाडी आणली नव्हती, रिक्षाने आले होते. माझ्या टेबलासमोर बसले. वाळलेले वाटले.

"सुर्वे, गाडीला कोणी गिऱ्हाईक असलं तर बघा."

"का हो अण्णा? आता तर चांगली झाली."

"चालवणार कोण? मला घाट जमत नाही. उमेश येत नाही आता."

मी विचारायला नको होतं. विचारलं.

"दिवाळीत आला होता," अण्णा म्हणाले. "मी त्याच्यापुढे तुमचा रिपोर्ट ठेवला. म्हटलं, वाळूवर घातलीस ना? तो म्हणाला, नाही. देवळाजवळ झाडाखाली लावली होती आणि चालत समुद्रावर गेलो. सूनही तेच म्हणाली. मी म्हटलं, दोघं मिळून खोटं बोलताय. गाडीचं राहू दे, खोटं कशाला? तो म्हणाला, बाबा, शपथ घेऊ? मी म्हटलं, शपथेला काय किंमत, इथे इंजिनियरची सही आहे. त्याच दुपारी बॅगा भरून गेली दोघं. नातीला घेऊन. मे महिन्यात आली नाहीत. आंबे पाठवले, ते परत आले."

मग अण्णा म्हणाले, "तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुमचा कागद नसता तर मी पोराच्या बोलण्यावर विश्वास ठेवून बसलो असतो."

मी त्यांना चहा मागवला. तो ते प्याले. ते गेल्यावर मी रिपोर्टची ऑफिसातली प्रत काढून ती ओळ पुन्हा वाचली.

पुढच्या रविवारी सकाळी मी मांडवीला गेलो. मधले पाच दिवस न जाण्याची कारणं शोधण्यात गेले, ती सांगत बसत नाही. अण्णा ओटीवर पेपर वाचत होते. भाटकर काकू आतून पाणी घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हीही बसा." आणि सगळं सांगितलं. कोल्हापूरचे फ्लॅप, प्रायमर, ड्रिल, साहेबांची केबिन, ती ओळ.

काकूंनी पदर तोंडाला लावला. अण्णा उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. ते फाईल घेऊन आले. गाडीची फाईल. त्यातून रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरला.

"ही सही तुमची?"

"हो."

"शिक्का?"

"मीच मारलाय."

"मग हे खोटं आणि आता बोलताय ते खरं, हे कशावरून?"

अण्णा चिडून विचारत नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या माणसाने सही बघून कागद पुढे सरकवला, त्याला सहीचा कागद खोटा असू शकतो हे समजायला जागाच नव्हती.

"लिहून द्या," ते शेवटी म्हणाले.

"अहो, आता तरी कागद राहू दे," काकू म्हणाल्या. "फोन करा त्याला. आत्ता करा. चुकलो म्हणा. मी लावून देते."

"कागदाशिवाय कसं सांगू? तो म्हणेल, पुराव्याशिवाय बोलता."

"तो नाही असं म्हणणार. तसं तुम्ही म्हणता."

अण्णांनी ऐकलं नाही. मी तिथेच ओटीवर बसून साध्या कागदावर लिहून दिलं. पहिला रिपोर्ट खोटा आहे, गंज माझ्या कामामुळे आला, वाळूचा आणि मुलाचा काही संबंध नाही. नाव, हुद्दा, सही. अण्णांनी सोमवारी तो रजिस्टरने उमेशला पाठवला.

सोमवारी मीही साहेबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी कुणाकुणाला लिहून दिलंत?" मी म्हटलं, कुणालाही नाही. ते खरं होतं. बाकीच्या गाड्यांचं मी काही केलं नाही, आजवर केलेलं नाही. साहेबांनी कोरा कागद पुढे केला. "राजीनामा लिहा. कारण, घरगुती अडचण." मी तेच लिहिलं.

पंधरा दिवसांनी अण्णांचा निरोप आला म्हणून गेलो. मी लिहून दिलेला कागद परत आला होता. त्याला चार ओळींची चिठ्ठी टाचलेली होती. अण्णांनी ती मला वाचायला दिली.

'बाबा, गाडी वाळूवर गेली नव्हती, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्हाला आधी ह्या माणसाच्या सहीने पटलं की मी खोटा, आता त्याच्याच सहीने पटलं की मी खरा. मधे मी आणि मनीषा दोघांनी समोर उभं राहून सांगितलं होतं. आईला फोन करत जाईन.'

मी चिठ्ठी परत दिली. अण्णांनी ती फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावली. काकू दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. मला त्यांनी बसा म्हटलं नाही. मीही बसलो नाही.

गाडी त्या पावसाआधी विकली गेली. अण्णा बागेत एसटीने जायला लागले. दोन वर्षांनी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उमेश आला होता. स्टँडजवळच्या लॉजवर उतरला, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये आईपाशी बसला आणि गेला. वडिलांशी चांगलं बोलला म्हणे. औषधं कधी द्यायची, ते समजावून सांगितलं.

मी आता हातखंब्याला हायवेलगत स्वतःचं छोटं गॅरेज चालवतो. मड फ्लॅप बसवून देतो. भोक पाडायचं असेल तर गाडी दिवसभर ठेवून घेतो. काही गिऱ्हाइकं थांबत नाहीत, पुढच्या गॅरेजमध्ये जातात. कुणी रिपोर्ट मागितला तर लिहून देतो, पण आधी विचारतो, की हा कुणाला दाखवणार आहात? माणसं म्हणतात, इन्शुरन्सवाल्यांना, आणखी कुणाला. मी तोही कागद घरातली माणसं वाचणार आहेत असं धरूनच लिहितो.